भिंत नसलेलं स्वयंपाकघर

मुलांनो, जरा माझ्याबरोबर आत या. जपून, उंबरठा उंच आहे. आता मनात एक चित्र काढा. ऐसपैस स्वयंपाकघर. डावीकडे चूल, चुलीपाशी एक म्हातारी. उजवीकडे खिडकी, खिडकीखाली दगडी जातं, जात्यापाशी दुसरी म्हातारी. मधे जमिनीवर मडक्यांची एक रांग. आणि त्या रांगेपाशी तुमच्याएवढी एक मुलगी उभी आहे. शाळेच्या सहलीला आली आहे. बाकीचा वर्ग बाहेर बैलगाडीवर चढून बसलाय. ही मात्र इथं अडकली, कारण दोन्ही म्हाताऱ्या बोलतायत तिच्याशी आणि भांडतायत एकमेकींशी.

"बाळ, तिला सांग, खिडकीतून जरा सरक म्हणावं. इथं चुलीत हात गेला तरी कळायचं नाही मला," थोरली म्हणाली. थोरली म्हणजे चुलीजवळची.

"मोठ्या बाईंना सांग," धाकटी जात्यापाशी बसल्या बसल्या म्हणाली, "नुसतं पाणी तर उकळताय. त्याला कशाला हवाय उजेड?"

मुलीनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "आजी, तुम्हाला एकमेकींचं ऐकू येतं ना?"

"मला येतं," थोरली म्हणाली. "तिचं तिला विचार."

या दोघी जावा. घर त्यांचंच. त्यांचं गाव धरणाखाली गेलं, तेव्हा संग्रहालयाच्या लोकांनी हे घर दगड न् दगड मोजून उचललं आणि या माळावर, जुन्या काळच्या इतर घरांच्या शेजारी, जसंच्या तसं उभं केलं. जसंच्या तसं म्हणजे, एक भिंत सोडून. दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा स्वयंपाकघराच्या मधोमध ती घातली होती. संग्रहालयवाले म्हणाले, ही भिंत मूळची नाही, नंतरची आहे. टाकून द्या. भिंत टाकून देता आली. ती ज्यासाठी घातली होती ते कुठं टाकणार?

त्या वाटणीत खिडकी धाकटीकडे गेली होती आणि थोरलीनं सारी उमेदीची वर्षं अंधारात रांधण्यात घालवली होती. पुढं संग्रहालयानं दोघींना आपापल्या जागी बसायला कामावर ठेवलं. पहिल्याच सकाळी थोरलीनं भिंतीच्या जागी मडकी मांडली. धाकटीनं ते पाहिलं आणि खिडकीला पाठ लावून अशी बसली की पलीकडे कवडसाही जाऊ नये. बाहेर दारावर पाटी होती, 'नांदतं घर'.

तेवढ्यात संग्रहालयाचे साहेब आत आले. माणूस वाईट नव्हता, पण पार विटला होता.

"पुन्हा तक्रार आली," ते म्हणाले. "लोक विचारतात, घर दाखवताय की भांडण? आता बास. उद्यापासून एकच बाई. दुसरीच्या जागी मातीची बाई बसवणार. ती निदान गप्प तरी राहील. जी राहील तिनं चूलही बघायची आणि दळायचंही. कोण राहणार ते आपापसात ठरवा."

"आपापसात?" धाकटी फिस्सकन हसली. "आपापसात ठरलं असतं तर भिंत कशाला झाली असती, साहेब?"

थोरली हसली नाही. मुलाच्या घरी ती टीव्हीच्या मागच्या कोपऱ्यात झोपायची. सून तिला गॅसला हात लावू देत नव्हती, चहा हवा असेल तरी मागावा लागे. दिवसभरात एवढीच एक जागा होती, जिथं काडी ओढली की तिच्या हातानं जाळ व्हायचा. ती सोडायची? धाकटीसाठी?

तिच्याजवळ एक गोष्ट राखून ठेवलेली होती. धाकटीचा उजवा खांदा कधीचाच निकामी झाला होता. माणसं आत आली की ती जात्याच्या खुंट्याला नुसता हात लावून बसायची, जात्याभोवती आधीच पीठ पसरून ठेवायची आणि बोलण्यात वेळ काढायची. मधे भिंत असती तर हे कुणाला कळलं नसतं. थोरलीला रोज दिसत होतं. ती बोलली नव्हती, पण ती दया नव्हे. वेळ यायची होती.

"बाळ," ती मुलीला म्हणाली, "साहेबांना सांग, तिला म्हणावं चार फेरे दळून दाखव. उजव्या हातानं."

एवढ्या मोठ्या माणसाला निरोप सांगायचा म्हणून मुलीला बरंच वाटलं. तिनं तो खणखणीत आवाजात, शब्द न् शब्द सांगितला.

धाकटीनं खुंटा धरला. जातं अर्धं फिरलं आणि थांबलं. तिनं पुन्हा जोर लावला. तोंडातून आवाज निघू नये म्हणून ओठ दाबले, पण तो निघालाच. मुलगी एक पाऊल मागे सरली.

"राहू दे, बाई," साहेब खाली बघत म्हणाले आणि बाहेर गेले.

धाकटी खिडकीखालच्या भिंतीला धरून उठली. कापडी पिशवी तिनं डाव्या खांद्याला अडकवली. मडक्यांपाशी थांबून ती थोरलीकडे सरळ बघत म्हणाली, "पोटात ठेवलं होतंस ना एवढे दिवस? बस आता. पोटभर बस."

इतक्या वर्षांत मधे कुणाला न घेता ती पहिल्यांदाच बोलली होती. धाकटी उंबरठा ओलांडून गेली. खिडकीतलं ऊन मडक्यांवरून थोरलीच्या पायांपर्यंत आलं. तिनं पाय आखडून घेतले.

"बाळ, पळ," ती घाईघाईनं म्हणाली. "तिला सांग, मी साहेबांशी बोलते म्हणावं. काहीतरी सांगते त्यांना. उद्या ये म्हणावं."

मुलगी जागची हलली नाही. "तुम्ही का नाही सांगत?"

"मला नाही जमत गं."

"मग मीही नाही सांगणार. तुमचा निरोप सांगितला की लागतं कुणाला तरी."

आणि ती गेली. थोरलीला दारातून दिसत होतं. मुलगी धावत धाकटीपाशी पोचली. काही न बोलता तिनं धाकटीच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली आणि फाटकापर्यंत तिच्याबरोबर चालत गेली. निरोपातलं एक अक्षरही तिनं सांगितलं नाही.