मॅकनाक्रेंची माती

"फावडं आधी खाली ठेवा," ऊना म्हणाली. "या मातीला लोखंड चालत नाही."

थडग्याशी उभा आयव्हर मॅकनाक्रे थबकला. कालच्याच बसने तो ग्लासगोहून आला होता. अंगात नवा कोट, पायात चकचकीत बूट. गावानेच तिकीट धाडून त्याला बोलावलं होतं. कारण आठवड्यापूर्वी ऊनाचा भाऊ फेलिम गेला आणि गावातला शेवटचा मॅकनाक्रे पुरुष संपला. इकडे मॅनसची नवी होडी धक्क्याला तयार होती. पण संताच्या थडग्यावरची मूठभर माती होडीत बांधल्याशिवाय इथला एक माणूस समुद्रात जाईल तर शपथ. आणि ती उचलायची मॅकनाक्रेंनीच.

तसं हे काही राजघराणं नव्हे. साथीत संत गेला, तेव्हा त्याच्या प्रेताला शिवायला मोठमोठे सरदार धजावले नाहीत. एका गुराख्याने नुसत्या हातांनी खड्डा खणून त्याला पुरलं. त्या गुराख्याची पोरं ती मॅकनाक्रे, मातीची लेकरं. पुढे दुष्काळात अर्धं घराणं बोटींत बसून परमुलखात गेलं. मागे राहिलेल्यांकडे ना जमीन राहिली ना गुरं, हा एवढा मान तेवढा राहिला.

"वहिनी, बाजूला व्हा," मॅनस म्हणाला. "भरती कुणासाठी थांबत नाही."

"उचलू दे की. पण आधी सात पिढ्या म्हणायला सांग त्याला. रीत आहे ना?"

आयव्हरने घसा साफ केला. "वडील थॉमस. आजोबा पॅट्रिक." मग तो ओशाळून हसला. "त्यापुढचं मला कुणी सांगितलंच नाही, बाई."

"नाव तर आहे ना त्याचं?" मॅनस पुटपुटला. "वहिनी, तुम्ही बॉयलांच्या घरात दिलेल्या. मुलगी लग्न करून गेली की तिचा हात परक्याचा. हा नियम मी केलेला नाही."

"अठरा वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होतास."

त्या साली फेलिम छातीच्या दुखण्याने इस्पितळात होता. ऊना इथवर आली होती आणि आज इथे जमलेल्या याच माणसांनी तिला फाटकातून परत पाठवलं होतं. हंगाम बुडू नये म्हणून होडी तेवढी एकदा मातीविना गेली. मॅनस परत आला, तिचा नवरा ह्यूई आला नाही. तेव्हापासून ऊना शाळेच्या फरश्या घासत होती. आणि आज तिचा मुलगा डोनल मॅनसच्याच होडीवर निघाला होता.

"माती असती तर ह्यूई वाचला असता असं मी म्हणत नाही. ते देव जाणे," ती म्हणाली. "पण मला जे करता आलं असतं ते तुम्ही करू दिलं नाहीत. आज मी विचारायला आलेली नाही."

ती गुडघ्यांवर बसली.

"मी ऊना. कॉनरची. कॉनर शेमसचा. शेमस आर्टचा. आर्ट टर्लाचा..." ती न अडखळता सातव्या नावापर्यंत गेली, मग बोटं मातीत खुपसली. भिजलेली माती घट्ट होती. तिने ती नखांनी उकरली.

"परक्या हातची माती होडीत..." मागून कुणीतरी बोललंच.

"ज्याला चालत नसेल त्याने घरी बसावं," डोनल म्हणाला. "मी आईच्या हातची घेऊन जाणार."

मॅनसने डोक्यावरची टोपी काढून तिच्यापुढे उलटी धरली. "यात दे, ऊना कॉनर." गाव आपल्या लेकींना बापाच्या नावाने हाक मारतं तशी. लहानपणी तो तिला अशीच हाक मारायचा.

"आणि माझ्यामागे डोनल उचलेल," ती माती टाकत म्हणाली. "तेव्हा तो बॉयल आहे म्हणून कुणी मध्ये यायचं नाही."

मॅनसने होकारार्थी मान हलवली.

होडी निघाली. आयव्हर धक्क्यावर परतीच्या तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलने लिहीत होता. "शेमसनंतर कोण म्हणालात?" त्याने विचारलं. ऊनाने त्याला सातही नावं पुन्हा सांगितली, सावकाश.

मग ती रोजच्यासारखी शाळेत गेली. बादली भरून ठेवलेलीच होती. तिने नखांतली काळी माती पाहिली, पाण्याकडे पाहिलं आणि बादली अंगणात उपडी केली. फरशी एक दिवस मळकी राहिली तर काही शाळा कोसळत नव्हती.