चार झाडांचं पान

मी एक फाईल. सरकारी नव्हे हं, सरकारी असते तर एव्हाना दहा टेबलं हिंडून आले असते. मी सौंसरच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या खोलीत, काचेच्या कपाटात दीड वर्षापासून उभी आहे. माझ्या पाठीवर चिठ्ठी आहे : 'नमुना फाईल'. मान मोठा मिळाला, पण माझं माणूस मात्र सुटलं.

माझं माणूस म्हणजे बोरगावची दामिनी. बसस्टँडजवळच्या दुकानात लाल होत्या, निळ्या होत्या, पण तिनं मलाच उचललं. हिरवी म्हणून असेल. पण निवडलं, एवढं मी विसरले नाही.

तिच्या प्रतिभा मॅडम पांढुर्ण्याहून रोज बसनं येतात. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, "पहिल्या पानावर लिहा, तीन वर्षांत काय शिकायचंय. मग दर सहा महिन्यांनी पाहू, कुठवर आलो." मुलांनी पटापट लिहून टाकलं : शिक्षक व्हायचंय, पटवारी व्हायचंय. मॅडम वैतागल्या. "काय व्हायचं ते ठेवा बाजूला. आज येत नाही आणि उद्या आलं पाहिजे असं काय, ते लिहा."

दामिनीनं बराच वेळ पेन चावलं. मग लिहिलं, 'झाडाकडे पाहून त्याचं दुखणं ओळखता आलं पाहिजे.' घरी संत्र्याची बाग. झाड आजारी पडलं की तिचे वडील गुणवंता डहाळी घेऊन औषधाच्या दुकानात जायचे आणि दुकानदार देईल ते फवारायचे. मुलीला ते पटत नव्हतं.

मॅडमचा आणखी एक नियम होता. फाईलमधलं काहीही फाडायचं नाही, चुकलेलंसुद्धा. मला तो नियम मुळीच आवडला नव्हता. आपल्या अंगावर काट मारलेल्या ओळी कोणाला आवडतील?

पहिल्याच हिवाळ्यात बाग ताणावर होती. बहार धरायचा म्हणजे आधी झाडांचं पाणी तोडतात, त्याला इकडे ताण देणं म्हणतात. ताणात पानं थोडी पिवळी पडायचीच, पण त्या वर्षी कोपऱ्यातली चार झाडं जास्तच पिवळी झाली. गुणवंता दुकानात गेले नाहीत. शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता काऊन दुकानात जाऊ? पोरगी कॉलेजात शिकून राहिली ना! तिलेच इचारतो."

दामिनीनं पानं चोळून पाहिली, माझ्यातल्या नोट्स पाहिल्या आणि ऐटीत सांगितलं, "बाबा, ताण जास्त झाला. या चार झाडायले आठ दिवस भरपूर पाणी सोडा."

"सोडतो," बाबा म्हणाले.

तिनं ते सगळं तारखेनिशी माझ्यात लिहिलं, एक पिवळं पान चिकटवलं. निदान : पाण्याची कमतरता. खाली दुहेरी रेघ. काय ती रेघ! पट्टी लावून मारलेली. पुढच्या दसऱ्यापर्यंत चारही झाडं वाळली. बाबा म्हणाले, झाडाचंही आयुष्य असते. आणि घरात तो विषय संपला.

माझ्यात तो संपला नव्हता. त्यानंतर मॅडमनी वर्गाला एका बागेत नेलं आणि खोडाशी उकिडवं बसवलं. सालीतून डिंक ओघळत होता. "हा डिंक्या. मुळं सडतात म्हणून पानं पिवळी पडतात. अशात खोडाशी पाणी साचू दिलं, की झाड गेलंच समजा." सगळी मुलं उठली, दामिनी तिथंच बसून राहिली.

त्या दिवशी घरी येऊन तिनं ते पान फाडायला धरलं. माझ्या कड्यांशी कागद ताणला गेला, एक भोक फाटलंही. मी म्हटलं, फाड बाई, मोकळी हो. पण तिनं हात सोडला आणि रडत रडत दुहेरी रेघेखाली लिहिलं : 'डिंक्या होता. मी खोड पाहिलंच नाही. पाणी माझ्या सांगण्यावरून दिलं. बाबांना सांगितलं नाही.'

तेव्हा कुठं मला तो न फाडण्याचा नियम कळला. त्या पानानंतरची दामिनी वेगळी होती. आधी खोड, मग माती, मग पान, असं ती शिकली. खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं कसं करायचं, याचं चित्र काढलं. मोहगावच्या मामाच्या बागेत जाऊन साठ झाडं तपासून आली. त्यातली डिंक्याची सात पकडली आणि सहा वाचवली. दर सहा महिन्यांची चिठ्ठी लागत गेली : हे येत नव्हतं, आता येतं. माझी छाती फुगायची.

शेवटच्या चिठ्ठीत मॅडमनी विचारलं होतं, काय अजून जमलं नाही? तिनं एकच ओळ लिहिली. 'बाबांना सांगणं.'

पुढच्या मुलांना दाखवायला मॅडमनी मला मागून घेतलं, तेव्हा तिनं चटकन दिलं. "तुमच्याकडेच राहू द्या मॅडम. घरी बाबा सगळं चाळत असतात." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. राग नाही आला मला. ती कशापासून पळत होती, ते माझ्याच पोटात होतं. मग ती पुढच्या शिक्षणाला नागपूरला गेली.

आता नवी मुलं येतात आणि मला उघडून जसंच्या तसं उतरवतात. मानसी नावाच्या मुलीनं तर कहर केला, 'माझ्या चुकीनं चार झाडं गेली' हेही लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "अगं, तुमचं तर कापडाचं दुकान आहे ना!" सगळे हसले. मला मात्र दामिनीची फार आठवण आली. शंभर हात लागले, पण तिचा शाईनं डागलेला अंगठा लागला नाही.

मागच्या महिन्यात गुणवंता स्वतः आले, मुलीचं कसलंसं प्रमाणपत्र न्यायला. मॅडमनी विचारलं, दामिनी कशी आहे? "बरी हाये जी. दर शनवारी येते, जेवते, बागेत चक्कर मारते. पण त्या कोपऱ्यात नाही जात." मॅडमनी मला काढून त्यांच्या हातात दिलं, "तुमच्या मुलीची आहे, बघा तोवर," आणि त्या प्राचार्यांची सही आणायला गेल्या.

खोलीत आम्ही दोघंच. ते ओळीखाली बोट धरून वाचत होते. त्या पानाशी बोट थांबलं. मग ते माझ्याशीच बोलले, म्हणजे तिच्याशी.

"मले दिसून राहिलं होतं पोरी, पाणी जास्त होते म्हणून. बंद कराले पायजे होतं. पण तुही पहिलीच गोष्ट होती, मोडवली नाही माह्याच्यानं. अन् तू एकटीच घेऊन बसली?"

त्यांनी पंच्यानं डोळे पुसले. मॅडम आल्या तेव्हा मला मिटून म्हणाले, "अक्षर चांगलं हाये पोरीचं. ठेवा जी, पोरायले कामी येते." आणि गेले.

हे मॅडमला माहीत नाही, दामिनीला माहीत नाही. दर शनिवारी बापलेक एका ताटापाशी बसत असतील आणि दोघंही आपापली चूक गिळून घासावर घास घेत असतील. मी इथं काचेआड तडफडते. तीन वर्षं तिची प्रत्येक गोष्ट मी जपली आणि ही एवढी एक तिच्यापर्यंत पोचवता येत नाही.

तुम्ही नागपूरहून बसनं इकडे आलात, तर शनिवारी संध्याकाळी सौंसरला उतरणाऱ्यांत दामिनी दिसेल. तिला माझा निरोप सांगा. म्हणावं, त्यांना सारं ठाऊक होतं, तुझ्याही आधी. त्यांच्या तोंडून ते निघायचं नाही. तूच बोल.