गाईने चाटलेली बाई

अल्लीपूरच्या अण्णाजींच्या अंगणात सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं भिंतीवर चढलेली, म्हातारे खाटांवर बसलेले आणि मधोमध पंधरा बायका रांगेत उभ्या. प्रत्येकीच्या पदरात अण्णाजींनी बोलावलेल्या बाबांनी नुकतीच भरलेली ओटी. समोर बाबांची तांबडी गाय. करणी कोणी केली, ते ही गाय चाटून दाखवणार होती.

रांगेत सातवी कांताबाई. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. गाय अडली की पहिला निरोप तिच्याच घरी यायचा. या गावातली निम्मी वासरं तिच्याच हातांनी बाहेर आली असतील. पण यंदा अण्णाजींच्या चार गाईंनी पाठोपाठ गाभ टाकला, आणि चारही वेळा गुरांच्या कोठ्यात कांताबाईच होती. लोकांना तेवढं पुरे झालं. गुरांच्या दवाखान्याच्या डॉक्टर वर्षाली गाईंचं रक्त तपासायला घेऊन गेल्या होत्या, पण अण्णाजींना दम कुठला! त्यांनी बाबांना बोलावलं आणि काल चावडीवर सांगूनही टाकलं की गाय जिला चाटेल, तिने दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं.

बाबांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. हिमालय झाला, कामधेनू झाली, मग लहरी, किरणं, सगळं एका दमात. ‘हम कुछ नही करते, माता खुद बोलती है,’ असं म्हणून त्यांनी एवढा धूप घातला की पुढच्या बायका खोकायला लागल्या. मग गाईचं दावं सोडलं.

गाय हंबरत निघाली. एकीला हुंगलं, दुसरीला हुंगलं, पुढे सरकली. सहा झाल्या. गाय कांताबाईपुढे थांबली, ओटीत नाक खुपसलं आणि चाटू लागली. चाटता चाटता घशातल्या घशात हुंकारत होती.

मग बाबा म्हणाले, "माता आपलं लेकरू मागून राह्यली. हिनंच खाल्लं ते."

खोटं कशाला सांगा, क्षणभर कांताबाईलाही तसंच वाटलं. चारही वेळा आपलेच हात होते. आपल्याच हाताला काही लागलं असेल का? जायचं तरी कुठे, या वयात?

खाली घातलेली मान वर करताना तिची नजर गाईच्या शेपटीवर गेली. शेपटीला रक्त सुकलेलं. कास तट्ट फुगलेली. ही तर आज पहाटेच व्यालेली! मग वासरू कुठे आहे? तिने ओटीतला खण नाकाशी नेला. हळदीखाली तोच ओळखीचा, किंचित गोडसर वास. आता तिला आठवलं. बाकीच्या चौदा जणींची ओटी बाबांनी ताटातून भरली, तिचा खण मात्र झोळीतून निघाला होता. ओलसर लागला तेव्हा तिला वाटलं, तीर्थ शिंपडलं असेल. ओटीला कोणी नाही म्हणत नाही आणि ओटीचा वास घेऊनही कोणी बघत नाही. त्याच भरवशावर बाबा होते. गावात कोणावर बोट आहे ते त्यांनी विचारून ठेवलं होतं, पण ती बाई काय काम करते, एवढं विचारायचं राहिलं होतं.

कांताबाई सरळ बाबांकडे चालत गेली आणि खण त्यांच्या खांद्यावर टाकला. गाय मागोमाग आली. तिने आधी खांदा चाटला, मग दाढी. बाबा सरकले तशी गायही सरकली. भिंतीवरची पोरं खिदळली.

"आता सांगा अण्णाजी, करणी कोनाची?" कांताबाईने विचारलं. "मागच्या साली तुमचं वासरू पोरकं झालं, तवा मी दुसऱ्या गाईच्या पानमोटीचं, वासराभवतालच्या पिशवीचं, पानी त्याले चोळलं. त्या गाईनं जवळ केलं का नाई? तुमीच तर कंदील धरून उभे होते. या खणाले तेच पानी हाये."

तेवढ्यात बाबांच्या गाडीतून बारीक हंबरणं ऐकू आलं. पोत्याखाली वासरू बांधून ठेवलेलं होतं. ते सोडताच गाईने बाबांची दाढी टाकली आणि तिकडे धावली.

फाटकाशी केव्हाच्या उभ्या असलेल्या डॉक्टर वर्षाली पुढे आल्या. त्यांनी सांगितलं की व्याल्यानंतर पहिले काही तास गाय त्या पाण्याच्या वासामागे वेडी असते. चाटता चाटता ती आपलं वासरू ओळखायला शिकते. वासरू चाटू न देताच लपवलं, तर ज्याच्या अंगाला तो वास असेल त्याला ती चाटणार. "ओळख तर त्याच्याही कितीतरी आधी सुरू होते. गाभ राहिला की पंधरा-सोळा दिवसांत तो इवलासा जीव गर्भाशयाला रसायनातून कळवतो, मी आहे. म्हणून गाय पुन्हा माजावर येत नाही. यात कुठे मंत्र आहे?" आणि गाभ का गेले, ते रक्तात सापडलं होतं. जंतूंचा आजार. पडलेले गाभ अण्णाजींनी नाल्यात फेकले, त्याच नाल्यावर गुरं पाणी पितात. पोलिसांना फोन डॉक्टरांनी आधीच केला होता. करणीच्या नावाने बाईला गावाबाहेर काढणं हा गुन्हा आहे, हेही त्यांनी सर्वांना ऐकवलं.

दिवस मावळायला आला. कांताबाईच्या दारात अण्णाजी स्वतः उभे होते. पाचवी गाय अडली होती.

कांताबाईला राग होता आणि तो तिने लपवला नाही. "येतो मी. गाईचा काय गुन्हा?" ती म्हणाली. "पन आधी खड्डा खना. आता काई पडलं तर नाल्यात नाई जानार."

डॉक्टरांनी दिलेले हातमोजे चढवून ती कोठ्यात शिरली, तेव्हा बाहेर अण्णाजी कुदळ चालवत होते. वाचकहो, गाईने त्या दिवशी कोणावरही आरोप केला नव्हता. ती फक्त आपलं वासरू शोधत होती. आरोप माणसांनी केला, तोही एक खण हुंगून न पाहता. तेवढं आपल्याला करता येईल ना?