खांबामागची जागा

बाबांच्या शवपेटीत फुटबॉल क्लबचा मफलर कोणी ठेवला हे मला शोधावं लागलं नाही. ठेवणारी बाई स्वतःच माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “ठेवलाय गं मी. चालेल ना?” मी मान हलवली. चर्चमध्ये, पाद्री समोर उभा असताना, दुसरं काय करणार? मग ती रडली. माझ्यापेक्षा मोठ्यानं, मोकळेपणानं, मध्येच नाक शिंकरून पुन्हा. माझे दोघे चुलतभाऊ एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते.

तिचं नाव नीवेस. मासळीबाजारात तिचा गाळा आहे. वय माझ्याएवढंच, पन्नाशीच्या अलीकडे. सोळा वर्षं ती स्टेडियममध्ये बाबांच्या शेजारी बसत होती. मला बाबांच्या तोंडून तिच्याबद्दल दोनच गोष्टी माहीत होत्या: ती आहे, आणि तिच्याकडची अँचोवी ताजी असते.

घरात बाबा बोलत नसत. बत्तीस वर्षं त्यांनी बंदरावर क्रेन चालवली. उंचावर, काचेच्या खोलीत, एकट्यानं दिवस काढणाऱ्या माणसाची बोलण्याची सवय जात असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. रविवारी मॅचहून आले की मी विचारायची, “काय झालं?” ते म्हणायचे, “जिंकलो,” नाहीतर “हरलो,” आणि सूपमध्ये पाव बुडवायचे. आई गेल्यावर आम्ही दोघंच होतो. मी शाळेत लॅटिन शिकवते, संध्याकाळी वाचत बसते. त्या शांततेला मी आमचा स्वभाव समजत होते.

ते नोव्हेंबरात गेले. त्या वर्षी आमचा क्लब एकोणीस वर्षांनी युरोपच्या स्पर्धेत खेळत होता आणि गावात दुसरा विषय नव्हता. फोकाच्चावालासुद्धा पाव कापता कापता डेन्मार्कच्या संघाचा बचाव समजावून सांगायचा. बाबांच्या पाकिटात स्टेडियमचं, अख्ख्या हंगामाच्या मॅचचं कार्ड निघालं: रांग बावीस, जागा नऊ. क्लबच्या कार्यालयात जाऊन मी ते माझ्या नावावर करून घेतलं. फुटबॉलशी मला काही देणंघेणं नव्हतं. ज्या जागेवर माझे वडील माझ्याशिवाय इतकी वर्षं बसले, त्या जागेवर मला एकदा तरी बसायचं होतं. एवढंच मला हवं होतं, आणि ते मला फार साधं वाटलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारी तीनच्या मॅचला, मी बाविसाव्या रांगेत पोहोचले. नऊ नंबरवर नीवेस बसलेली. शेजारच्या दहावर घडी घातलेलं वर्तमानपत्र.

“ओरिएत्ता!” ती उठून मला मिठी मारायला आली.

मी कार्ड पुढे केलं. “नऊ नंबर माझा आहे.”

“हो, पण—”

“इथे लिहिलंय. नऊ.”

मागच्या रांगेतला एक म्हातारा हसला. “सिन्योरा, आमच्याकडे नंबर बघून बसणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर पोलिस.”

“मी दोन्ही नाही. मी आगोस्तीनोची मुलगी आहे.”

त्यानं टोपी काढली. नीवेसनं माझ्याकडे पाहिलं. मग दहावरचं वर्तमानपत्र उचलून छातीशी धरलं आणि ती तिथे बसली. अगदी हळू, पाणी फार गरम आहे की काय असं बघत टबात उतरावं तशी. मी नऊवर बसले. मला जिंकल्यासारखं वाटलं, हे इथे मान्य करते.

आमचा संघ चार सामने सलग हरून आला होता. त्या दिवशी आम्ही तीन-शून्यनं जिंकलो.

शिटी वाजताच तो मागचा म्हातारा, ट्रामचा निवृत्त ड्रायव्हर अत्तीलिओ, उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पसरले. “आता कोणी हलायचं नाही. कळलं? पुढच्या वेळी हेच, असंच. प्रोफेसोरेसा, या आपल्या मास्तरीणबाई, नऊवर, नीवेस दहावर. मी हीच मळकी टोपी घालणार.”

“धुऊ तरी दे तिला,” कोणीतरी म्हणालं.

“तुझी जीभ धू आधी.”

मला हे पोरकट वाटलं. बाबांना असले प्रकार आवडले असतील यावर माझा विश्वासच बसेना. तो विश्वास आमच्या मैदानावरच्या पुढच्या मॅचला, हाफटाइममध्ये, अत्तीलिओनं कांद्याच्या फोकाच्चाचा तुकडा माझ्या हातात दिला तेव्हा बसला.

“तुमचा बाप काय नकला करायचा हो,” तो म्हणाला. “रेफरीची, पाद्र्याची, तुमच्या त्या बहिऱ्या आत्याची. आमची पोटं दुखायची. आणि तेही सगळं त्या खांबाच्या मागून.”

“कुठल्या खांबाच्या?”

त्यानं दहा नंबरसमोरच्या, छताला आधार देणाऱ्या जाड खांबाकडे बोट केलं. “त्या जागेवरून डावीकडचा गोल दिसतच नाही. नीवेस नवी आली तेव्हा तिला दहा नंबर मिळाला. पहिल्या दिवशी एवढी कटकट केली तिनं! आम्ही दोननं मागे होतो. हाफटाइमला आगोस्तीनो म्हणाला, ये बाई, तू नऊवर ये, मी जातो तिकडे, पण तोंड बंद कर. आणि आम्ही तीन-दोननं जिंकलो. झालं! तेव्हापासून तो खांबामागे. सोळा वर्षं.”

फोकाच्चा माझ्या हातात तशीच राहिली. “म्हणजे दहा ही बाबांची जागा.”

“मग! आम्ही ती रिकामी ठेवली होती नोव्हेंबरपासून. कोणाला टेकू दिलं नाही तिनं.”

“मला सांगितलं का नाही कोणी?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही कार्ड दाखवलंत.”

मी शेजारी पाहिलं. माझ्या वडिलांच्या जागेवर नीवेस बसली होती, आणि तिला तिथे मीच बसवलं होतं. आता उठा म्हणायची सोय नव्हती. आम्ही जिंकत होतो.

त्या दिवशी दुसऱ्या हाफमध्ये डावीकडे गोल झाला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. नीवेसनं खांबाच्या एका बाजूनं मान काढली, मग दुसऱ्या बाजूनं, आणि माझ्याकडे वळली. “कसा? कसा मारला?”

“लागला,” मी म्हटलं.

“ते कळलं गं. पण कसा?”

“लागला. एक-शून्य.”

पुढे अत्तीलिओकडूनच कळलं की नऊवर बसून तिनं सोळा वर्षं बाबांना डावीकडचा प्रत्येक गोल सांगितला होता. तो सांगितल्याशिवाय बाबा आनंद करत नसत म्हणे. हात वर करायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, आधी तिचं ऐकून घ्यायचे. आता सांगणाऱ्याच्या जागेवर मी होते. मी सांगत नव्हते. डावीकडे झालेले सहा गोल मी असे एकेका शब्दात दिले, भिकाऱ्याला नाणं टाकावं तसे. ती प्रत्येक वेळी विचारायची आणि मी प्रत्येक वेळी म्हणायची, “लागला.”

“शाळेत असंच शिकवता का हो?” अत्तीलिओ मागून ओरडला. “सीझर आला, मेला, घंटा झाली, घरी जा?”

रांग हसली. नीवेस हसली नाही. माझी तक्रारही तिनं केली नाही, याचाही मला राग आला.

मार्चमध्ये आम्ही डॅनिश संघाला हरवून युरोपात शेवटच्या आठात पोहोचलो. इथून पुढच्या टप्प्याचं नाव रांगेत कोणी घेत नव्हतं. एकानं चुकून घेतलं तर सगळ्यांनी अपशकुन टळावा म्हणून खुर्चीच्या लोखंडी पायाला हात लावला, आणि माझाही हात खाली गेला. त्या गडबडीत नीवेस म्हणाली, “आगोस्तीनो असता तर त्यानं गुडघे टेकून लोखंड शोधलं असतं. ऑगस्टमध्ये आजाराचं सांगितलं तेव्हासुद्धा आधी लोखंडाला हात लावून मग—”

“ऑगस्टमध्ये?” मी विचारलं.

ती थांबली.

मला बाबांनी सप्टेंबरच्या अखेरीला सांगितलं होतं. स्वयंपाकघरात, दिवा न लावता. म्हणाले होते, “ओरिएत्ता, बस. बातमी वाईट आहे आणि मी घाबरलोय.” त्यांच्या आयुष्यात माझ्यासाठी म्हणून बोललेलं तेवढं एक वाक्य माझ्याजवळ होतं. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आणि त्याच्या आधी महिनाभर ही मासळीवाली सगळं जाणून इथे बसली होती, टाळ्या वाजवत होती.

मी तिच्याशी बोलणं बंद केलं. नाहीतरी एक शब्दच देत होते.

पुढची फेरी पोर्तुगालच्या संघाशी, दोन मॅचची, दोन्हींचे गोल मिळून. तिकडे आम्ही एक-शून्यनं हरलो. आमच्या मैदानावरची मॅच एप्रिलमधल्या एका गुरुवारी, संध्याकाळी पावणेसातला. उजेड होता, समुद्रावरून वारा येत होता. पहिल्या हाफमध्ये उजवीकडे आमचा गोल झाला. हा नीवेसला दिसला आणि ती अत्तीलिओच्या गळ्यात पडली. हिशेब बरोबरीत आला. अजून एक हवा होता, आणि दुसऱ्या हाफमध्ये आमचे लोक डावीकडे चढाई करणार होते.

सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास नीवेस उठून उभी राहिली. “ऊठ, ओरिएत्ता. ये इकडे. ही तुझ्या बाबाची जागा. फेब्रुवारीतच द्यायला हवी होती.”

“खाली बस!” अत्तीलिओ किंचाळला. “वेड लागलं का? आत्ता? वीस मिनिटं राहिलीत! उद्या द्या, परवा द्या, नोटरीसमोर द्या!”

“गप रे तू. हिची आहे ती. मॅच गेली खड्ड्यात.”

स्टेडियममधल्या कोणीही “मॅच गेली खड्ड्यात” म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. ती देत होती आणि मी घेऊ शकत होते. पण ती ज्या सहजतेनं देत होती, ती मला सोसली नाही.

“ऑगस्टमध्ये त्यांनी तुम्हाला काय सांगितलं?” मी विचारलं. मी अजूनही तिला तुम्हीच म्हणत होते.

ती बसली. खांबाकडे बघत बोलली. “त्याला काही मला नव्हतं सांगायचं. तुला सांगायचं होतं. तो माझ्यावर सराव करत होता. तीन मॅच. दर वेळी डॉक्टरच्या नावापासून सुरुवात करायचा, मग तपासण्या, तारखा, मशीन. मी म्हणायचे, अरे बाबा, मुद्द्यावर ये. तर म्हणायचा, नाही, ती शिकलेली आहे, तिला आगापीछा लागतो. शेवटी मीच म्हटलं, तू तिला एवढंच सांग: बस, बातमी वाईट आहे आणि मी घाबरलोय. दहादा म्हणवून घेतलं त्याच्याकडून.”

ते वाक्यही तिचं निघालं.

मैदानावर खेळ चालू होता. मग मला स्वयंपाकघरातले बाबा दिसले, टेबलाची कड घट्ट धरलेला त्यांचा हात. दिवा लावेपर्यंत त्यांनी ती कड सोडली नव्हती. ते तिनं म्हणवून घेतलेलं नव्हतं. पण हेही खरं की ती नसती तर त्यांनी मला डॉक्टरचं नाव सांगितलं असतं, आणि मी डॉक्टरबद्दल विचारत बसले असते.

तेवढ्यात चाळीस हजार माणसं एकदम उठली. शिट्ट्या, शिव्या. नीवेस खांबाच्या दोन्ही बाजूंनी धडपडत होती. “काय झालं? अत्तीलिओ, काय झालं?” अत्तीलिओनं तोंडावर टोपी धरली होती.

“पेनल्टी,” मी म्हटलं. “आपल्याला.”

तिनं माझा हात धरला. पुढे विचारलं नाही. माझ्याकडून एकच शब्द मिळतो हे ती आता धरून चालली होती.

“आपला दहा नंबरचा खेळाडू मारतोय,” मी म्हटलं. “चेंडू ठेवला. परत उचलला, पुसला. गोलकीपर उंच आहे, तो रेषेवर उड्या मारतोय, दांड्याला हात लावून आला. रेफरी त्याला मागे जा म्हणतोय. आपला माणूस खाली बघतोय. मोजे वर ओढले त्यानं. चार पावलं मागे. पाच. आता शिटी... निघाला, मध्येच थांबला, गोलकीपर उजवीकडे झुकला, यानं डावीकडे मारला, वर—”

“वर?”

“दांड्यावर. आडव्या दांड्यावर आपटला आणि बाहेर गेला. तो तिथेच बसलाय. हात डोक्यावर. कोणी त्याच्याजवळ गेलेलं नाही. हां, आता गोलकीपर गेला. त्यांचा गोलकीपर. त्यानं याच्या डोक्यावर हात ठेवलाय.”

नीवेसनं डोळे मिटून सगळं ऐकलं. ऐकून झाल्यावरच तिनं शिवी दिली.

जादा वेळात पोर्तुगालवाल्यांनी गोल केला, तोही डावीकडे. तोही मी तिला सांगितला, पहिल्या पासपासून. युरोपातला हंगाम संपला. अत्तीलिओनं मळकी टोपी काढून पायाखाली टाकली आणि जाहीर केलं की आता वाटेल त्यानं वाटेल तिथे बसावं, काही उपयोग नाही.

पुढच्या रविवारी लीगची मॅच होती. मी पोहोचले तेव्हा नीवेस नऊवर होती आणि दहा रिकामी होती. वर्तमानपत्र नव्हतं. मी बसले. समोर खांब. राखाडी रंग, त्यावर गंजाचा एक ओघळ. उजवीकडचं सगळं दिसत होतं, डावीकडे काही नाही. बाबांचं तिथे काही सापडलं नाही. खुर्ची प्लास्टिकची, गार.

विसाव्या मिनिटाला डावीकडून आरडाओरडा झाला. नीवेस माझ्याकडे झुकली. तिच्या अंगाला मासळीचा आणि साबणाचा वास येत होता. “त्या बुटक्यानं बाजूनं चेंडू काढला,” ती माझ्या कानाशी सांगू लागली, “दोघं अंगावर गेले, तर पठ्ठ्यानं काय करावं...”

सोळा वर्षं बाबा हे ऐकत होते. फार छान सांगते ती. ते मला अजूनही सहन होत नाही.

“मग?” मी विचारलं. “पुढे काय केलं त्यानं, नीवेस? सांग ना.”