अनोळखी पेपर

वहिनीनं टेबलावर सराव पेपरांचे दोन गठ्ठे मांडले. डावीकडचा हाताळून मऊ पडलेला, चहाचे डाग अंगावर मिरवणारा. उजवीकडचा अजून पिशवीतून तोंड बाहेर काढायलाही लाजणारा.

परिचारिकेची परीक्षा मागच्या खेपेला तिच्या हातून निसटली होती. तेव्हापासून दवाखान्यात ती मदतनीसच होती. कुणाचा ताप चढलाय हे कपाळाला हात लावताच तिला कळायचं, पण औषध द्यायला दुसरीला हाक मारावी लागायची. ती हाक रोज मनाला सलायची. आता महिनाअखेरीला पुन्हा बसायचं होतं.

"वन्सं, डावीकडचाच घ्या."

नणंद इस्त्री करता करता प्रश्न वाचून दाखवायची, उत्तरं तपासायची. "पुन्हा तोच? अगं, त्या पेपरालाच आता तुझा कंटाळा आला असेल."

"नव्वदच्या खाली येत नाही मी हल्ली. हात बसतोय तर बसू द्या ना."

सुरुवात झाली. ब. ड. अ. शेंगा सोलाव्यात तशी उत्तरं टपाटप पडत होती. नणंदेला खोडी सुचली. तिनं भावाच्या शर्टाची बाही प्रश्नावर टाकली आणि नुसते पर्याय वाचले, "पाच, दहा, पंधरा, वीस."

"दहा!"

"बरोबर. आणि प्रश्न काय होता?"

वहिनीनं बाहीकडे बोट दाखवलं. "प्रश्न... तुम्ही वाचलाच नाही."

"मग उत्तर कुठून उगवलं?"

वहिनी आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले. "म्हणजे मागच्या वेळीही असंच? घरी नव्वद, तिथं नापास. मी आपली नशिबाला बोल लावत बसले."

"नशीब बिचारं धडधाकट आहे गं," म्हणत नणंदेनं इस्त्री उभी केली आणि सूर लावला,

"ओळखीच्या वाटेवरी, डोळे मिटूनी चालते
नव्या वळणाशी बाई, वहिनी माझी कशी भिते!"

"भीत नाही कुणी!" वहिनीनं उजवीकडची पिशवी ओढली. हात मात्र तिथंच थांबला. "फारच कमी पडले तर?"

"घरातच पडतील ना? भिंतींना सांगते, बाहेर बोलू नका."

वहिनी लिहायला बसली. नणंद गप्प. तिच्यासाठी हीच खरी परीक्षा. शर्ट संपले, तेव्हा तिनं पायपुसण्यालाही इस्त्री केली.

तपासून झाल्यावर ती आकडा सांगेना. वहिनीनंच पेपर ओढून घेतला. एकसष्ट. पास व्हायला सत्तर लागत. बराच वेळ ती लाल खुणांवरून बोट फिरवत राहिली, दुखतंय कुठे ते चाचपून बघावं तशी.

"हे घाईत गेलं. हे येत होतं. हे मात्र मला कधी आलंच नव्हतं, वन्सं." तिचा आवाज हलका झाला होता. "पण हे एकसष्ट माझे आहेत."

"मग, उद्या कुठला?"

वहिनीनं डावीकडचा गठ्ठा उचलून कपाटावर ठेवला. पिशवीतला पुढचा कोरा पेपर काढून टेबलावर पालथा घातला.

"उद्या हा. आज एवढा एकच चुकलेला प्रश्न वाचा. पूर्ण वाचा, आणि पर्याय सांगू नका. रोगी काय पर्याय घेऊन येतो?"

नणंदेनं प्रश्न वाचला. वहिनीनं डोळे मिटले आणि ती सावकाश, पहिल्यापासून सांगू लागली.