नवसागराचा वास

"ऐका हो ऐका! दूध थंड करायच्या केंद्रात गॅस गळतोय. समद्यांनी सावध ऱ्हावा!"

देवळाच्या माइकवरून नाथाजीने हे दोनदा सांगितले आणि खिडकीतून खाली पाहिले, तर गल्लीतली दारे धडाधड उघडत होती. बायका शेगड्या बंद करत होत्या, खिडक्या सताड लोटत होत्या. 'दिव्याच्या बटनाला हात लावू नगा' म्हणून कुणीतरी ओरडत होते. सिलिंडर गळला तर काय करायचे, ते गावाला पक्के ठाऊक होते आणि गाव ते इमानाने करत होते.

नाथाजीच्या कानाला लावलेला फोन अजून चालूच होता. पलीकडून केंद्रातल्या सुरक्षा अधिकारी क्षमा मॅडम जिवाच्या आकांताने सांगत होत्या, "नाथाजीकाका, अमोनिया आहे हा! दारं बंद करायला सांगा. बंद!"

नाथाजी ग्रामपंचायतीचा शिपाई. नळाला पाणी कधी सुटणार, लस कुठल्या शाळेत देणार, कुणाची शेळी हरवली, हे सांगण्यात त्याचा जन्म गेला. त्याचे एखादे वाक्य चुकले, तर फार तर कुणाचा हंडा रिकामा राहायचा. आज एका शब्दाने सगळे गाव उघडे पडले होते.

आता अमोनिया म्हणावे, तर ते कुणाला कळणार? नाथाजी कीर्तनवेडा माणूस. अवघड शब्द आला की बुवा थांबतात, घरातला दाखला देतात, आणि मागच्या रांगेतल्या म्हातारीची मान हलल्याशिवाय पुढचे चरण घेत नाहीत, हे त्याने किती वेळा पाहिले होते. पण आता दाखला आणायचा कुठून? तेवढ्यात वास त्याच्याच नाकात शिरला. डोळे चुरचुरले. हा वास तर ओळखीचा!

"आवं, ऐका! ह्यो चुलीचा गॅस न्हाई! रसूलभाई कल्हई लावतो तवा नवसागराचा जो वास उठतो, त्योच हाय ह्यो, पर लय दांडगा! विषारी हाय! दारं लावून घ्या, फटीत वली फडकी कोंबा, नाकाला वला पंचा धरा. भाईर पडू नगा!"

या वेळी मात्र मान हलली. दारे पटापटा मिटली. दुपारपर्यंत गळती थांबली. डोळे बऱ्याच जणांचे सुजले. पहिल्या पुकाऱ्याला गोठ्याचे दार उघडायला गेलेली हरणाबाई तेवढी घसा धरून शिरवळच्या दवाखान्यात पडली आणि चार दिवसांनी बसक्या आवाजाने घरी आली. नाथाजीने गाव वाचवले, असे लोक म्हणाले. नाथाजीला मात्र हरणाबाईच्या दारावरून जाताना मान वर करवत नव्हती.

हरिनाम सप्ताह तोंडावर आला. देवळाशेजारच्या पिंपळाखाली रसूलभाईचा भाता या दिवसांत उसंत घेत नसे. या वर्षी तो गार पडला होता.

"का रं गड्या, भांडी न्हाई आली?" नाथाजीने विचारले.

"कशी येतील?" रसूलभाई हसला. "गावच्या भोंग्यानं सांगितलंय, रसूलचा वास इखारी हाय म्हून."

"मी कवा असं म्हनलो?"

"म्हनलास की! हरणाबाईनं पातेलं दारातनंच माघारी न्हेलं. देवाच्या भातालाबी स्टीलची पातेली भाड्यानं आनत्यात म्हनं. माझ्या बापाच्या कल्हईत शिजलेला भात वाढलाय रं ह्या देवळात!" बोलता बोलता त्याला खोकल्याची उबळ आली. तो पाठ फिरवून खोकत राहिला.

नाथाजीने तिथूनच क्षमा मॅडमना फोन लावला. संध्याकाळी त्या स्वतः पिंपळाखाली आल्या. त्यांच्या साहेबांनी गावासाठी एक निवेदन दिले होते. पहिलीच ओळ होती, 'नागरिकांना कोणताही धोका नव्हता.'

"ह्ये मी वाचनार न्हाई," नाथाजी म्हणाला. "मग हरणाबाईच्या घशाला काय म्हनायचं?"

"मीही तेच सांगून आलेय," मॅडम म्हणाल्या. "जे झालं तेच सांगा. आता हवेत काही उरलेलं नाही, दूध चांगलं आहे, विहिरी चांगल्या आहेत. पण त्या दिवशी धोका होता."

"आन कल्हईचं?"

"नवसागर तापला की थोडा अमोनियाच सुटतो, पण भांडं धुतलं की खाणाऱ्याला त्याची भीती नाही. रसूलभाई चिमूटभर टाकतात, आमच्या टाकीची त्याच्याशी बरोबरी नाही. पण..." त्या जरा घुटमळल्या. "जो रोज वाकून तो धूर छातीत घेतो, त्याला त्रास होतोच."

मॅडम गेल्यावर रसूलभाईने नाथाजीची बाही धरली. "त्ये शेवटचं बोलू नगस."

"का रं?"

"लोक तेवढंच ऐकतील. माझा खोकला माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. धंदा बसलाय माझा, नाथा!"

नाथाजीने बाही सोडवून घेतली नाही. ती रसूलभाईनेच सोडली.

देवळात माइकपुढे बसल्यावर नाथाजीने मूर्तीकडे पाहून हात जोडले. साहेबांची ती ओळ त्याने झटक्यात बाजूला सारली होती. आता दोस्तासाठी एक खरी ओळ गिळायची? त्याने घसा खाकरला.

"ऐका. गॅस म्हनलो ती माझी चूक झाली. त्यापायी दारं उघडली. त्या दिवशी धोका हुता, आता न्हाई. दूध, पानी बिनघोर घ्या. आन कल्हईचं ऐका. वास त्योच, पर एक चिमूट आन एक टाकी ह्यात लय फरक हाय. कल्हईच्या भांड्यात खानाऱ्याला त्याचं भ्या न्हाई. त्या धुराचा तरास हाय, त्यो निस्ता धूर घेनाऱ्याला. आन आपल्या गावाचा समदा धूर रसूलभाई एकटा घेतो."

तो खाली उतरला, तेव्हा पिंपळाखाली कुणीच नव्हते.

दुसरा दिवस तसाच गेला. रसूलभाई समोरून आला आणि नाथाजीला पाहून दुसऱ्या गल्लीत वळला. तिसऱ्या दिवशी सकाळी हरणाबाई डोक्यावर पातेले घेऊन आली. मागून देवळाची मोठी पातेली हातगाडीवर खडखडत आली.

"रसूल," ती बसक्या आवाजात म्हणाली, "आमी समदी म्हनायचो, मेला बिड्या वढतो म्हून खोकतोय."

"बिडीला मी जल्मात शिवलो न्हाई, मावशे."

"व्हय रं बाबा, आता कळलं." तिने पातेले खाली ठेवले आणि आपल्या घशावरून हात फिरवला. "लय जाळतंय रं ते."

रसूलभाईने पातेले उचलले. त्याने भट्टी पिंपळाच्या आडोशातून उचलून पार उघड्या माळाकडच्या अंगाला मांडली होती. वारा पाठीशी घेऊन तो बसला. पातेले तापले, नवसागराची चिमूट पडली, पांढरा धूर उठला आणि कुणाच्या अंगावर न येता माळाकडे निघून गेला.

नाथाजी लांब, देवळाच्या पायरीपाशी उभा होता. रसूलभाईने त्याच्याकडे पाहिलेही नाही. फक्त डाव्या हाताने शेजारचे गोणपाट ओढले, झटकले आणि वाऱ्याच्या अंगाला, आपल्या पाठीशी एका माणसाला बसण्यापुरते पसरून ठेवले.