पहिली फ्रेम कापणाऱ्यासाठी

फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाचा डबा. त्याच्यामागे फिल्मची काळी डबी.

नाव नसलेला एक तारा.

कणीक लागलेले हात. बर्फाचं फावडं. डोळ्यांवर ऊन आलेली एक बाई, तीच बाई, परत तीच बाई.

चाळीस खांब, अजून न पेटलेले.

मसुरीच्या दाण्याएवढा लाल दिवा.

मित्रांनो, हे सगळं माझ्याच आयुष्यातलं आहे. क्रम लावायचा आता कंटाळा येतो, पण तुमच्यासाठी लावतो. मी एक जुना आयपीस आहे. दुर्बिणीच्या ज्या टोकाला माणूस डोळा लावतो, तिथे बसतो तो काचेचा आणि धातूचा तुकडा. माझ्या पोटात दोन बारीक रेषांची फुली आहे. ती अंधारात दिसावी म्हणून एक लाल दिवा आहे. तो चपट्या सेलवर चालायचा.

माझा जन्म जपानमधला. १९८१ साली भानुदासने मला घेतलं. तो मूळचा नागपूरचा. मिशिगनमध्ये, ट्रॉयला, मोटारींचे ब्रेक तपासणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता. घरामागच्या अंगणातून तेजोमेघांचे आणि दीर्घिकांचे फोटो काढायचे, हा त्याचा छंद.

त्या फोटोंना तासतास लागायचा. मोठ्या दुर्बिणीला कॅमेरा जोडलेला असायचा. तिच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण बांधलेली आणि तिच्या टोकाला मी. पृथ्वी फिरते, म्हणून एक मोटर दुर्बीण फिरवायची. पण मोटरचे दाते अगदी सारखे नसतात. मग कुणीतरी माझ्यातून बघत राहायचं, जवळपासचा एक तारा फुलीच्या मध्यावर धरायचा आणि तो सरकला की हातातल्या डब्याचं बटण दाबून जागेवर आणायचा. तासभर, डोळा न काढता. चुकलं तर फोटोतले सगळे तारे भाताच्या शितांसारखे लांबट यायचे.

कॅमेरा दीर्घिका बघायचा. मी बाजूचा कुठला तरी एक तारा बघायचो. लोक फोटोचं कौतुक करायचे. सुरुवातीला मला त्याचं वाईट वाटायचं. पुढे तेवढंही वाटेना.

आता त्या बाईचं सांगतो.

दुसरा रोल लॅबमधून आला तो भलत्याच जागी कापून. रात्रीच्या आकाशाची निगेटिव्ह जवळजवळ कोरी दिसते. एक फोटो कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, ते कापणाऱ्याला कळत नाही. दुर्बीणवाल्यांच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्याने भानुदासला तोड सांगितली. रोलची पहिली फ्रेम दिवसाउजेडी काढायची. तिच्या कडा दिसल्या की कापणाऱ्याला पुढचं माप मिळतं. तेव्हापासून रोल घातला की भानुदास हाक मारायचा, "सुजाता, जरा उभी राहा गं."

सुजाता त्याची बायको. ती एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत दिवसभर सूक्ष्मदर्शकातून पेशी मोजायची.

रोल चार: सुजाता, दारात, हाताला कणीक.

रोल नऊ: सुजाता, बर्फाचं फावडं घेऊन, वैतागलेली.

रोल सतरा: सुजाता, निळी साडी, वर कोट, सहा डिसेंबरच्या कार्यक्रमाला निघालेली.

रोल सव्वीस: सुजाता, केस नीट करताना.

ते फोटो तिने अल्बममध्ये लावले होते. नागपूरला आईला पाठवलेल्या प्रती वेगळ्याच. सोबत पत्रात लिहायची, 'यांना माझे फोटो काढायचा भारी नाद.'

१९८६ च्या उन्हाळ्यात अंगणामागच्या मोकळ्या जागेत दुकानांचा मोठा प्लाझा बांधायला घेतला. पार्किंगमध्ये चाळीस खांब उभे राहिले. एक डिसेंबरला, सोमवारी, दिवे लागणार होते. ते लागले की आमचं आकाश संपलं. भानुदासला त्याआधी एकच फोटो हवा होता, त्रिकोण तारकासमूहातल्या दीर्घिकेचा. तीन वर्षं तो हुकत आला होता. कधी ढग, कधी चंद्र, कधी ओव्हरटाइम. आता नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतला शनिवार तेवढा उरला होता.

गुरुवारी पंडितकाका जेवायला आले. ते भानुदासचे कॉलेजपासूनचे मित्र. मी टीव्हीवर उघड्या डब्यात होतो. त्यांच्या हातात अल्बम होता.

"वहिनी, तुम्ही तर हिरॉइन निघालात," ते म्हणाले. "आमच्या कमलाचा लग्नानंतर मी एकच फोटो काढला. तोही पासपोर्टसाठी."

"यांना नादच आहे," सुजाता म्हणाली. चेहरा खुलला होता तिचा.

"नाद कसला यार," भानुदास घास गिळत म्हणाला. "पहिली फ्रेम कापणाऱ्यासाठी असते. लॅबवाल्याला कडा दिसायला हवी ना."

पंडितकाका खो खो हसले. "म्हणजे वहिनी मैलाचा दगड."

सुजाताने भाताचा डाव भांड्यात ठेवला. "भाऊजी, रस्सा घ्या ना अजून," ती म्हणाली. अल्बम तिने हळूच मिटून बाजूला ठेवला.

शनिवारी साडेचारला भानुदासने फ्रीझरमधून डबी काढली. ती फिल्म खास वायूत मुरवलेली होती. अंधुक उजेड टिपावा म्हणून तसं करतात.

"सुजाता, उभी राहा गं. ऊन जातंय."

"गॅरेजचा काढा. गॅरेज हलत नाही."

"चिडलीस?"

"चिडायला अंगात जीव कुठे आहे? दमले मी. पाच वर्षं केस नीट करून उभी राहतेय. कुणासाठी, तर कापणाऱ्यासाठी."

भानुदास कॅमेरा हातात धरून उभा राहिला. गॅरेज समोरच होतं. त्यांची नऊ वर्षांची दीपा सायकल पुसत होती. कशाचाही फोटो चालला असता. त्याने कशाचाच काढला नाही. पाचला सूर्य मावळला.

सात वाजता शटर उघडलं. दीर्घिका पूर्वेला उंच आली होती. भानुदासने मला डोळा लावला. सहा दिवसांचा ओव्हरटाइम त्या डोळ्यात साचला होता. मला कळतं ते. थकलेला डोळा आधी पाणावतो, मग मिटायला लागतो.

वीस मिनिटं झाली आणि त्याचं कपाळ माझ्यावर टेकलं.

दीपा दारातून डोकावली. "आई, बाबा इज स्लीपिंग ऑन द टेलिस्कोप."

सुजाता कोट चढवत बाहेर आली. "सरका."

"गेलं, सुजाता. तारा गेला असेल सगळा."

तिने माझ्यातून बघितलं. "कुठे गेलाय? फुलीला टेकून आहे. तो डबा द्या इकडे."

"अगं, तुला सवय नाही."

"मग दिवसभर काय करते मी?"

मित्रांनो, इतका स्थिर डोळा मला परत कधी भेटला नाही. तारा सरकायच्या बेतात असतानाच तिचं बोट बटणावर जायचं. भानुदास शेजारी खुर्चीवर नुसता बसून होता. बोटं सुन्न झाली म्हणून तिने एकदा हात बदलला, पण डोळा काढला नाही.

"हा तारा कोणता?" मध्येच तिने विचारलं.

"त्याला नाव नाही. कॅटलॉगमध्ये नंबर असेल."

"बरोबर. आमच्यातलाच."

वीस मिनिटं त्याची, पन्नास तिची. मग शटर मिटलं.

सोमवारी फिल्म औषधांच्या दुकानातल्या फोटो काउंटरवर सुजातानेच दिली. पाकिटावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं की कापू नका. काउंटरवरची मुलगी 'शुअर' म्हणाली. पण फिल्म धुतली जायची दुसऱ्याच गावात, मशीनवर. त्याच संध्याकाळी चाळीसही खांब पेटले. अंगणात कुंपणाच्या सावल्या पडल्या.

गुरुवारी पाकीट आलं. निगेटिव्ह कापलेली होती. दीर्घिकेच्या बरोबर मधून.

स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन पट्ट्या पडल्या होत्या.

"मी उभी राहिले असते तर वाचलं असतं," सुजाता म्हणाली.

"गॅरेजचा काढला असता तरी वाचलं असतं."

"मग का नाही काढलात?"

भानुदासने पट्टी उगाचच पुसली. "तुझ्या जागी गॅरेजही चालतं, असं झालं असतं ना मग."

सुजाता त्याच्याकडे बघत राहिली.

त्याने मला डब्यातून काढलं, उलटं धरलं आणि निगेटिव्हवर टेकवलं. उलटा आयपीस भिंगासारखा चालतो. आधी त्याने बघितलं, मग मला तिच्या हातात दिलं. कोऱ्या पट्टीवर एक काळसर भोवरा होता, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. आजूबाजूला तारे, बारीक काळे ठिपके.

"कडेचे बघ," तो म्हणाला. "अगदी कोपऱ्यातलेसुद्धा. एकूण एक गोल आहेत. पाच वर्षांत मला एकदाही असं जमलं नाही."

तिने पुष्कळ वेळ बघितलं, एक कोपरा, मग दुसरा, पेशी मोजल्यासारखे.

"गोल आहेत," ती म्हणाली. "चिकटपट्टी कुठे ठेवलीय?"

जोडलेल्या निगेटिव्हवरून मोठा फोटो करून त्यांनी दिवाणखान्यात लावला. मध्ये रेघ दिसायची. पाहुणे विचारायचे, ही कसली रेघ. दोघांपैकी एकजण सांगायचं, लॅबने कापलं.

दिव्यांपुढे आमचं काही चालेना. दुर्बीण तळघरात गेली, मीही गेलो. माझ्यातला सेल काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. तो गळला. हिरवट खार रेषांपर्यंत आला. लाल दिवा आता लागत नाही. माझी तक्रार नाही. घरात माणसं दमलेली असली की वस्तूंकडे कोण बघणार?

तरी मित्रांनो, एवढं करा. एखादी वस्तू ठेवून देताना तिच्यातला सेल काढून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि कुणाला फोटोसाठी उभं कराल, तेव्हा कशासाठी ते आधी सांगा. सगळी कारणं सांगा, निम्मी नको.

१९८१ च्या मे महिन्यात पहिला रोल भरला, तेव्हा लॅबवाले कसे कापतात ते भानुदासला ठाऊक नव्हतं. त्या रोलची पहिली फ्रेम सुजाताची आहे.